रविवारचा मेगाब्लॉक : वेळेच्या रूपाने भरावा लागणारा कर

मुंबईच्या उपनगरी रेल्वेची वेळापत्रके दोन आहेत. एक रेल्वे छापते ते. दुसरे शनिवार-रविवारच्या वृत्तपत्रांत आतल्या पानावर ‘उद्या मेगाब्लॉक’ अशा मथळ्याखाली आठ-दहा ओळींत प्रसिद्ध होते. पहिले फार क्वचित बदलते, दुसरे दर आठवड्याला बदलते. कोणत्या दोन स्थानकांदरम्यान, अप की डाउन, जलद की धिम्या मार्गावर, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत गाड्या बंद राहतील किंवा दुसऱ्या मार्गावरून वळविल्या जातील, कोणत्या स्थानकांवर थांबणार नाहीत, हे सारे त्या आठ-दहा ओळींत असते. शेवटी गैरसोयीबद्दल दिलगिरी असते. ज्याच्या नजरेतून त्या ओळी सुटल्या, त्याला हे वेळापत्रक स्थानकावर उभे राहून ध्वनिक्षेपकावरून समजते. आणि तोवर उशीर झालेला असतो.

ब्लॉक घ्यावा की घेऊ नये, हा वादाचा विषयच नाही. रूळ, सांधे, सिग्नल आणि ओव्हरहेड तारा यांची निगा राखली नाही तर रेल्वे चालणार नाही, हे शाळकरी मुलालाही समजते. प्रश्न निराळा आहे. या निगराणीचा खर्च कोण भरतो, कोणत्या नाण्यात भरतो, आणि त्याचा हिशेब कोठे मांडला जातो काय, हा तो प्रश्न आहे. सार्वजनिक वाहतुकीचा खर्च भागविण्यासाठी जगात कोठेही तीनच खिसे उपलब्ध असतात: प्रवाशाचे तिकीट, सरकारी तिजोरी आणि प्रवाशाचा वेळ. पहिल्या दोहोंना हात घालावयाचा तर मंजुरी लागते, चर्चा होते, विरोध होतो. तिसऱ्या खिशाला हात घालण्यासाठी कोणाचीही मंजुरी लागत नाही. म्हणूनच तो सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळा रिकामा केला जातो.

तीन तासांची रात्र

मुंबईची अडचण खरी आहे आणि ती समजून घेतली पाहिजे. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. विजेवर चालणारी पहिली गाडी कुर्ल्याला गेली ती ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. म्हणजे या लोहमार्गाच्या काही भागाचे वय पावणेदोनशे वर्षांच्या घरात गेले आहे. त्यावरून मध्य आणि पश्चिम रेल्वे मिळून दिवसाला तीन हजारांच्या आसपास उपनगरी फेऱ्या धावतात आणि लक्षावधी माणसांची ने-आण करतात. पहाटे चारच्या सुमारास सुरू झालेली ही रहदारी मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास थांबते. उरतात सुमारे तीन तास. त्यातही विजेचा प्रवाह खंडित करणे, त्याची खात्री करून घेणे, माणसे व यंत्रे कामाच्या जागी पोहोचविणे आणि काम संपल्यावर पुन्हा सारे सुरक्षित असल्याची तपासणी करणे यांत बराच वेळ जातो. प्रत्यक्ष कामाला जे उरते त्यात एखादा सिग्नल दुरुस्त होईल. पण रूळ बदलणे, खडी चाळणे, सांध्यांची अदलाबदल करणे ही कामे त्यात बसत नाहीत.

याशिवाय नव्या कामांचा बोजा आहे. ओव्हरहेड तारांतील जुना १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह काढून २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आणण्याचे काम पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बर मार्गावर २०१६ मध्ये पुरे झाले. चालत्या रेल्वेवर हे परिवर्तन घडविणे ही सामान्य कामगिरी नव्हे आणि ते ब्लॉकविना शक्य नव्हते. ठाणे-दिवा पाचव्या व सहाव्या मार्गिकेसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये ७२ तासांचा ब्लॉक घ्यावा लागला. खार ते गोरेगाव सहाव्या मार्गिकेसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये पश्चिम रेल्वेवरील फेऱ्या अनेक दिवस कमी कराव्या लागल्या.

ब्लॉक टाळला तर काय होते, याचेही उत्तर मुंबईजवळ आहे. ३ जुलै २०१८ रोजी सकाळी अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. जीवितहानी झाली आणि कामाच्या ऐन वेळी पश्चिम रेल्वे कित्येक तास विस्कळीत झाली. याउलट दीडशे वर्षांहून जुना कर्नाक पूल पाडण्यासाठी १९ व २० नोव्हेंबर २०२२ रोजी मध्य रेल्वेने २७ तासांचा ब्लॉक घेतला. लोकांची गैरसोय झाली; परंतु ती सांगून झाली. पहिल्या घटनेतही रेल्वे बंद होती, दुसऱ्या घटनेतही बंद होती. फरक एवढाच की, एक बंद काळाने ठरविला आणि दुसरा माणसांनी. जे शहर दुसऱ्या प्रकारच्या बंदला कंटाळून नकार देते, त्याच्या वाट्याला पहिल्या प्रकारचा बंद आल्याशिवाय राहत नाही.

दोन मार्गिकांचे आणि चार मार्गिकांचे प्रवासी

ब्लॉकचा भार मात्र सर्वांवर सारखा पडत नाही. मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या मुख्य मार्गांवर जलद व धिम्या अशा निदान चार मार्गिका आहेत. माटुंगा ते मुलुंड दरम्यान जलद मार्गावर काम असले तर जलद गाड्या धिम्या मार्गावर वळविता येतात. त्या जास्त ठिकाणी थांबतात, दहा-पंधरा मिनिटे उशिरा पोहोचतात, पण पोहोचतात. धिम्या मार्गावर काम असले तर थोडी अधिक अडचण होते, कारण जलद मार्गावर प्रत्येक स्थानकाला फलाट नाही. अशा वेळी विद्याविहार, कांजुरमार्ग, नाहूर येथे गाडी थांबत नाही. नाहूरच्या प्रवाशाने पुढे मुलुंडला जावयाचे, जिना चढावयाचा, दुसऱ्या फलाटावर उतरावयाचे आणि उलट दिशेच्या गाडीने परत यावयाचे. तरुणाला हा अर्ध्या तासाचा वैताग आहे. गुडघेदुखीने त्रस्त झालेल्या वृद्धेला तो प्रवास न करण्याचे कारण ठरतो.

हार्बर आणि ट्रान्स-हार्बर मार्गांवर दोनच मार्गिका आहेत. तेथे गाड्या वळवावयाच्या कोठे? कुर्ला ते वाशी दरम्यान दोन्ही मार्गांवर ब्लॉक असला की छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते कुर्ला आणि वाशी ते पनवेल अशा विशेष गाड्या चालविल्या जातात. हार्बरच्या प्रवाशांना मुख्य मार्गाने किंवा ठाण्यावरून त्याच तिकिटावर प्रवास करण्याची मुभा दिली जाते. ही मुभा पनवेलच्या वा नेरूळच्या प्रवाशाला उपयोगी आहे. परंतु टिळकनगर, चेंबूर, गोवंडी आणि मानखुर्द ही स्थानके नेमकी त्या तुटलेल्या दुव्यात सापडतात. गोवंडीच्या माणसाला ठाण्यावरून जाण्याची परवानगी देणे म्हणजे ज्याच्या गावात विहीर नाही त्याला दोर भेट देण्यासारखे आहे. त्याला बसने कुर्ला गाठावे लागते किंवा रिक्षाचे भाडे मोजावे लागते. आणि त्याच्या खिशातील मासिक पासमध्ये त्या रविवारच्या प्रवासाचे पैसे आधीच भरलेले असतात. गोवंडी-मानखुर्द हा शहरातील सर्वांत गरीब वस्त्यांपैकी एक भाग आहे. जेथे रूळ कमी, तेथे ब्लॉकचा मार अधिक. आणि जेथे ब्लॉकचा मार अधिक, तेथे तो सोसण्याची ऐपत कमी, असा हा उफराटा क्रम आहे.

रविवार कोणाचा?

यावर रेल्वेचे उत्तर ठरलेले आहे: रविवारी गर्दी कमी असते, म्हणून रविवार निवडला जातो. एकूण त्रास कमीत कमी व्हावा, हे तत्त्व बिनचूक आहे. परंतु त्याच्या पोटात एक गृहीतक दडलेले आहे. रविवारचा प्रवास हा हौसेचा, म्हणून टाळता येण्याजोगा, म्हणून कमी मोलाचा, असे ते गृहीतक आहे.

रविवारच्या सुट्टीचा इतिहास मुंबईला नवा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि आठवड्यातून एक दिवस विश्रांती मिळावी अशी मागणी लावून धरली. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे या शहराचे घड्याळ गिरणीच्या आणि कचेरीच्या भोंग्यावर चालले. सोमवार ते शनिवार धावपळ आणि रविवारी सुस्ती, हा त्या शहराचा क्रम होता. त्या शहरासाठी रविवारचा ब्लॉक ही समंजस व्यवस्था होती.

आता गिरण्यांच्या जागी मॉल आहेत, आणि मॉलमध्ये सर्वांत मोठी गर्दी रविवारी असते. तेथे कापड दाखविणाऱ्या मुलीला, उपाहारगृहातील आचाऱ्याला, इमारतीच्या पहारेकऱ्याला, रुग्णालयातील परिचारिकेला, घरपोच माल पोहोचविणाऱ्या तरुणाला रविवारी सुट्टी नसते. उलट त्यांच्यापैकी पुष्कळांची त्या दिवशीची हजेरी सर्वांत कडक असते. महिना पगारावर असलेल्या कचेरीतील लिपिकाला सोमवारी गाडी बंद पडली तर वरिष्ठ सांभाळून घेतात. वर्तमानपत्रांतही मोठी बातमी येते. रोजंदारीवर वा तासावर काम करणाऱ्याला रविवारी अर्धा तास उशीर झाला तर त्याचा खाडा धरला जातो आणि बातमी कोठेच येत नाही.

परीक्षार्थींची गोष्टही विचारात घेण्यासारखी आहे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षा, वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा आणि बँकांच्या भरतीच्या अनेक परीक्षा रविवारी होतात, कारण त्या दिवशी शाळा-महाविद्यालयांचे वर्ग मोकळे असतात. परीक्षा घेणाऱ्यांनी रविवार निवडला तो इमारती रिकाम्या म्हणून. रेल्वेने निवडला तो गाड्या रिकाम्या म्हणून. दोघांचाही हिशेब आपापल्या जागी बरोबर आहे, आणि त्या दोन बरोबर हिशेबांच्या मध्ये बदलापूरचा वा पालघरचा एखादा विद्यार्थी प्रवेशपत्र हाती धरून उभा असतो. मोठ्या परीक्षांच्या दिवशी ब्लॉक रद्द केल्याची उदाहरणे आहेत, ही चांगली गोष्ट आहे. परंतु ती मागणी झाल्यावर दिलेली सवलत असते. आधी केलेला मेळ नसतो.

न्यूयॉर्कचा धडा

हा पेच एकट्या मुंबईचा नाही. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेला मुंबईएवढी तीन तासांची रात्रही नाही, कारण ती चोवीस तास चालते. २७ ऑक्टोबर १९०४ रोजी ती सुरू झाली तेव्हा भाडे पाच सेंट होते आणि १९४८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४४ वर्षे, ते पाच सेंटच राहिले. दोन महायुद्धे झाली, मजुरी वाढली, पोलाद महागले. भाडे मात्र निवडणुकीच्या राजकारणात गोठून राहिले. रेल्वे चालविणाऱ्या खासगी कंपन्या डबघाईला आल्या आणि १९४० मध्ये शहराला त्या ताब्यात घ्याव्या लागल्या. पुढे १९७५ च्या सुमारास शहराचीच तिजोरी रिकामी झाली. तिकीट नाही, तिजोरी नाही, अशा अवस्थेत निगराणी पुढे ढकलणे एवढा एकच मार्ग उरला. त्याचा परिणाम म्हणून १९८० च्या आसपास गाड्या रुळांवरून घसरणे आणि मध्येच बंद पडणे ही तेथील नित्याची गोष्ट झाली. परिवहन प्राधिकरणाचे तत्कालीन अध्यक्ष रिचर्ड रॅविच यांच्या प्रयत्नांनी १९८१ मध्ये कायदा झाला आणि १९८२ पासून पाच वर्षांचा पहिला भांडवली कार्यक्रम सुरू झाला. तेव्हापासून न्यूयॉर्ककर जे दर शनिवार-रविवारी सोसत आले आहेत, ते एका अर्थी त्या साठलेल्या थकबाकीचे हप्ते आहेत.

तेथील ‘वीकएण्ड’च्या बदलांची गुंतागुंत मुंबईपेक्षाही अधिक आहे. शुक्रवारी रात्री सुरू झालेला बदल सोमवारी पहाटेपर्यंत चालतो. धिमी गाडी जलद होते, एका मार्गाची गाडी दुसऱ्याच मार्गावर धावते, काही टप्पा बसने काटावा लागतो. म्हणून २०११ मध्ये प्राधिकरणाने केवळ शनिवार-रविवारसाठी निराळा नकाशा संगणकावर उपलब्ध करून दिला. १९७२ चा गाजलेला नकाशा रचणारे मासिमो विग्नेल्ली हेच या नकाशाचे एक रचनाकार होते. ज्या स्थानकांवर बदल असेल ती त्यात लुकलुकत असत. २०२० मध्ये त्याची जागा गाड्यांची प्रत्यक्ष स्थिती दाखविणाऱ्या नकाशाने घेतली. बदललेली सेवा हीसुद्धा एक सेवा आहे आणि तिचेही स्वतःचे वेळापत्रक व नकाशा असला पाहिजे, हे यातून मान्य झाले. मुंबईत अजून ती ‘गैरसोय’ याच सदरात मोडते.

परंतु न्यूयॉर्कचा खरा धडा नकाशाचा नाही. ऑक्टोबर २०१२ मधील ‘सॅण्डी’ वादळात नदीखालील बोगद्यांत खारे पाणी शिरले. मॅनहॅटन आणि ब्रुकलिन यांना जोडणाऱ्या ‘एल’ मार्गाच्या बोगद्यातून कामाच्या दिवशी सुमारे सव्वादोन लाख प्रवासी जात होते. त्याच्या दुरुस्तीसाठी बोगदा १५ महिने पूर्ण बंद ठेवण्याचे ठरले. लोकांनी घरे बदलली, दुकानदारांनी धास्ती घेतली. जानेवारी २०१९ मध्ये, बंद सुरू होण्यास काही महिनेच उरले असताना, राज्याच्या गव्हर्नरांनी विद्यापीठीय तज्ज्ञांच्या सल्ल्याने तो बेत बदलला. कामाची पद्धत निराळी निवडली गेली. दिवसाची सेवा चालू राहिली, आणि काम रात्री व शनिवार-रविवारी, एका नळीतून वीस मिनिटांनी एक गाडी या हिशेबाने करण्यात आले. एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालेले काम एप्रिल २०२० मध्ये संपले.

बहुसंख्यांच्या दृष्टीने हा निर्णय फायद्याचा ठरला, हे निर्विवाद आहे. तरीही ओझे नाहीसे झाले नव्हते. ते दिवसा कचेरीत जाणाऱ्यांच्या खांद्यावरून उतरून रात्री व रविवारी काम करणाऱ्यांच्या खांद्यावर गेले होते. फरक इतकाच की, तेथे ते ओझे उघडपणे मांडले गेले. पर्यायी मार्गांवर जादा गाड्या सोडण्यात आल्या. काही स्थानकांदरम्यान नव्याने भाडे न भरता गाडी बदलण्याची सवलत देण्यात आली. महासाथीनंतर तेथील शनिवार-रविवारची प्रवासीसंख्या कामाच्या दिवसांपेक्षा अधिक वेगाने पूर्वपदावर आली आणि २०२३ मध्ये काही मार्गांवर त्या दिवसांच्या फेऱ्या वाढवाव्या लागल्या. घरून काम करण्याची सोय कचेरीतल्या माणसाला मिळाली. हॉटेलात ताटे उचलणाऱ्याला ती मिळणे शक्यच नव्हते.

तिसऱ्या खिशाचे अर्थशास्त्र

वेळेला किंमत असते, हे अर्थशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. फ्रेंच अभियंता ज्यूल द्युप्युई याने १८४४ मध्येच असे दाखविले की, सार्वजनिक कामाचा लाभ त्याच्या जकातीच्या उत्पन्नावरून मोजता येत नाही. वापरणाऱ्याला त्यातून काय मिळते यावरून तो मोजावा लागतो. हेच सूत्र उलट लावले तर सार्वजनिक कामाचा तोटाही केवळ खात्याच्या खर्चावरून मोजता येणार नाही. पुढे विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा अभ्यास करून, गर्दीच्या वेळी भाडे अधिक आणि इतर वेळी कमी असावे असे सुचविले. त्याला १९९६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याची सूचना मात्र त्या रेल्वेने स्वीकारली नाही. ज्या वेळी सेवा महाग पडते तेव्हा भाडे जास्त असावे, हे ज्यांना पटते त्यांना, ज्या वेळी सेवा अपुरी असते तेव्हा भाडे कमी असावे, हेही पटावयास हवे. प्रत्यक्षात ब्लॉकच्या रविवारी सेवा घटते, भाडे तेच राहते.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहावा. समजा, एका ब्लॉकमुळे पाच लाख प्रवाशांचा प्रत्येकी वीस मिनिटे वेळ अधिक गेला. म्हणजे सुमारे एक लाख ६७ हजार तास झाले. एका तासाची किंमत अवघी पन्नास रुपये धरली, तरी ही रक्कम ८३ लाखांच्या पुढे जाते. आकडे गृहीत आहेत, ते दुप्पट असतील किंवा निम्मे असतील. मुद्दा असा की, कामाच्या अंदाजपत्रकात मजुरी असते, खडी असते, यंत्राचे भाडे असते. हा आकडा नसतो. जी वस्तू हिशेबात फुकट धरली जाते, तिची उधळपट्टी होते. हवा फुकट धरली म्हणून कारखान्यांनी ती घाण केली. प्रवाशाचा वेळ फुकट धरला म्हणून ब्लॉक लांबतात, काम सहा वाजता संपले तरी गाड्या नऊपर्यंत रुळांवर येत नाहीत, आणि त्याबद्दल कोणालाही जाब द्यावा लागत नाही.

हा आकडा हिशेबात आला तर निर्णयही बदलतील. पाच तासांच्या ब्लॉकमध्ये आरंभी आणि शेवटी मिळून दोन तास तयारीत गेले असे धरू. दहा रविवारी पन्नास तास सेवा बंद ठेवून हाती काम येईल ते तीस तासांचे. तेच काम सलग ३६ तासांच्या ब्लॉकमध्ये केले तर चौतीस तास मिळतील. म्हणजे काही कामांना लहान लहान दहा ब्लॉकपेक्षा मोठा एक ब्लॉक स्वस्त पडेल. ३१ मे ते २ जून २०२४ या काळात ठाण्याच्या फलाटाच्या रुंदीकरणासाठी ६३ तासांचा, आणि मुंबईच्या टर्मिनसवर लांब गाड्यांसाठी फलाट वाढविण्याकरिता ३६ तासांचा ब्लॉक घेतला गेला. नऊशेच्या वर फेऱ्या रद्द झाल्या. बेस्ट व एस.टी. यांच्या जादा बसगाड्या सोडल्या गेल्या, कचेऱ्यांना घरून काम करू देण्याची विनंती केली गेली. त्या तीन दिवसांत हाल झालेच. पण शहराला ते आधी माहीत होते आणि शहराने त्यासाठी काही तयारी केली होती. मोठ्या ब्लॉकसाठी जे होऊ शकते, ते दर रविवारी गोवंडीसाठी होत नाही, कारण लहान त्रास कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. परंतु तो वर्षभर साचत असतो.

हिशेब मांडावा लागेल

यावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. मुंबईचे लोकलचे भाडे जगातील अत्यंत स्वस्त भाड्यांपैकी आहे. एवढ्या स्वस्तात प्रवास करणाऱ्याने थोडी गैरसोय सोसू नये काय? या आक्षेपात तथ्य आहे आणि मुंबईकरानेही ते स्वीकारले पाहिजे. भाडे गोठवून ठेवावयाचे, करही नको आणि रूळ मात्र नवे हवेत, असे होत नाही. पाच सेंटांचा लाडका दर जपणाऱ्या न्यूयॉर्कने अखेर त्याची भरपाई रुळांवरून घसरणाऱ्या गाड्यांच्या रूपाने केली. परंतु स्वस्त भाडे हे सर्वांना सारखे मिळते, आणि ब्लॉकचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. सोमवारी पहिल्या वर्गाच्या पासावर प्रवास करणाऱ्याच्या सुरळीत आठवड्याची किंमत रविवारी कामावर जाणारा पहारेकरी भरीत असेल, तर त्याला बचत म्हणता येणार नाही. तो एकाकडून घेऊन दुसऱ्याला दिलेला पैसा आहे.

तेव्हा वेळेच्या रूपाने घेतला जाणारा हा कर असेल, तर त्याला कराचे नियम लागू झाले पाहिजेत. कर आगाऊ जाहीर असावा. ब्लॉकची सूचना एक-दोन दिवस आधी प्रसिद्धिपत्रकाने देण्याऐवजी निदान तीन महिन्यांचे विभागवार कोष्टक प्रसिद्ध व्हावे. वॉशिंग्टनच्या मेट्रोने निगराणीकडे केलेल्या दुर्लक्षामुळे १६ मार्च २०१६ रोजी सारी सेवा दिवसभर बंद ठेवावी लागली. त्यानंतर जूनमध्ये तिने वर्षभराचा दुरुस्ती कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा कोणत्या मार्गावर कोणत्या आठवड्यांत काम चालेल याचे कोष्टक आधीच लोकांसमोर ठेवले. असे कोष्टक मुंबईत असेल तर लोकसेवा आयोगाला परीक्षेची केंद्रे आणि तारखा पाहून ठरविता येतील, आणि परिचारिकेलाही आपली पाळी बदलून घेता येईल.

कर न्याय्य असावा. जेथे दोनच मार्गिका आहेत आणि पर्यायी गाडी नाही, तेथे ब्लॉकच्या काळात रेल्वेच्या पासावर बसप्रवास मिळावा आणि त्या बसचा खर्च कामाच्या अंदाजपत्रकातच धरला जावा. खडी आणि सिग्नल यांच्या खर्चापुढे तो डोईजड होणार नाही. पश्चिम रेल्वेवर अनेकदा शनिवार-रविवारच्या मधल्या रात्री काम उरकून दिवस मोकळा ठेवला जातो. हार्बरवर तसे कितपत जमेल, याचा तांत्रिक विचार जाहीरपणे व्हावयास हवा.

आणि कराचा हिशेब द्यावा लागतो. प्रत्येक ब्लॉकनंतर कोणते काम ठरले होते, किती झाले, सेवा ठरल्या वेळी सुरू झाली की नाही, आणि प्रवाशांचे अंदाजे किती तास खर्ची पडले, एवढ्या चार ओळी प्रसिद्ध करणे अवघड नाही. दिलगिरीच्या एका ओळीपेक्षा या चार ओळी अधिक उपयोगी ठरतील. २०१७ पासून रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प मांडला जात नाही; त्यामुळे संसदेत रेल्वेच्या खर्चावर होणाऱ्या चर्चेला वाव कमी झाला आहे. पण प्रवाशांच्या खर्ची पडलेल्या तासांचा अर्थसंकल्प तर कधीच कोणी मांडलेला नाही.

दुरुस्तीसाठी द्यावा लागणारा वेळ मुंबईकराने नाकारलेला नाही. गेली कित्येक वर्षे तो निमूटपणे देत आला आहे. मुलुंडला उतरून नाहूरला परत आला आहे, कुर्ल्यापर्यंत बसच्या पायरीवर उभा राहिला आहे. तो देतो ते दान नव्हे, ती त्याने भरलेली रक्कम आहे, एवढे मान्य झाले तर पुढच्या पुष्कळ गोष्टी आपोआप सुचतील. रक्कम घेणाऱ्याने पावती द्यावयाची असते, हा व्यवहाराचा साधा नियम आहे. रविवारच्या प्रवाशाला ती पावती अद्याप मिळालेली नाही.